मंगळवारी दुपारी आलेला फोन

हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं. मधुकर हयात आहे, त्याला उगाच त्रास होईल, असं स्वतःला सांगत राहिलो. आता तो नाही, त्यामुळे ते कारणही उरलेलं नाही. खरं म्हणजे ते कारण तेव्हाही खोटंच होतं. त्रास मला होणार होता.

मधुकर खोब्रागडे गेला त्याला सहा आठवडे झाले. सकाळी साडेआठला त्याच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. "काका, बाबा गेले. पहाटे. येताय ना?" आवाजात रडणं नव्हतं, आणि मला ते तेव्हाच कुठेतरी खटकलं. मी गाझियाबादला वैशालीत राहतो, तो वसुंधरात राहायचा. रिक्षाने दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी मी चालत निघालो आणि पाऊण तास लावला. वाटेत दोनदा थांबलो, एकदा परत फिरावंसंही वाटलं. पोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती आणि पल्लवीने मला पुढे जागा करून दिली होती. मी मागेच उभा राहिलो.

बाराव्या-तेराव्या दिवशी आमच्या वाचन मंडळाने शोकसभा घेतली. मंडळातली मानसी, जी इथेच वाढली आणि कवितांसाठी मराठी शिकली, तिने माझाच एक जुना लेख वाचून दाखवला. 'कवितेसाठी ज्याने आपले डोळे वाहिले...' अशी त्याची सुरुवात आहे. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सभा संपल्यावर एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "दर बुधवारी जाऊन वाचून दाखवायचात म्हणे. असा मित्र मिळायला नशीब लागतं, साहेब." मी त्यांनी दिलेला चहा घेतला. पुरा प्यायलो.

डोळे वाहिल्याचं ते वाक्य माझं आहे, आणि ते खोटं आहे. मधुकरने आपले डोळे कशालाही वाहिले नव्हते. त्याला ते हवे होते.

आमची ओळख पुस्तकांतून झाली. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक होता, मूळचा भंडाऱ्याकडचा. मी दुसऱ्या एका मंत्रालयातून निवृत्त झालो. माझ्या हाताखाली बावीस माणसं होती, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांतल्या एकाचाही फोन आला नाही. गाझियाबाद-नोएडाकडच्या पंधरावीस मराठी घरांनी मिळून वाचन मंडळ काढलं, तेव्हा त्याचं संयोजन मी मागून घेतलं. दरवर्षी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमची आणि करोल बागेतल्या मंडळाची पैज असायची. शंभर कवितांची एक यादी दोघांनी मिळून ठरवायची. त्या घरी वाचायच्या, दर रविवारी जमून मोठ्याने वाचायच्या, एकमेकांना त्यावर प्रश्न विचारायचे. संक्रांतीनंतरच्या रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात दोन्ही मंडळं समोरासमोर बसत. चिठ्ठी निघेल ती कविता म्हणायची. कागद बघून म्हटली तर एक गुण, न बघता म्हटली तर तीन. लहान मुलांचा खेळ वाटेल, पण सत्तरीतली माणसं त्यासाठी पहाटे उठून पाठांतर करायची. दिल्लीत राहून ज्यांच्या घरातलं मराठी "अच्छा, चलो, बिल्कुल" इतपत उरलं होतं, त्यांना वर्षातले हे तीन महिने फार मोलाचे होते.

आम्ही तीन वर्षं ओळीने हरलो होतो. करोल बागेचं नेतृत्व वैद्य वहिनींकडे होतं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, जीभ धारदार. तिसऱ्या वर्षी हरल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "श्रीधरराव, पुढच्या वर्षी तिळगूळ घ्यायला या, कविता घरीच ठेवा." सगळे हसले. मधुकरही हसला. मला मात्र ते वाक्य महिनोन् महिने ऐकू येत राहिलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे सात वर्षांपूर्वी, मधुकर वेगळाच दिसायला लागला. पूर्वी तो कागद बघून वाचणारा माणूस. "पाठ काय, पोपटही करतो. वाचणं महत्त्वाचं," असं म्हणायचा. आता एकेक कविता न अडखळता, मान जराशी वर करून म्हणायला लागला. हातात पुस्तिका उघडी असायची, पण नजर तिच्यावर नसायची. मंडळी टाळ्या वाजवायची. मानसी म्हणायची, "काका, तुमचा तर दिमाग कंप्यूटर आहे यार." तो हसायचा आणि चहाचा कप शोधताना त्याचा हात टेबलावरून सरकत सरकत जायचा.

ते सरकणं मी बघितलं होतं. त्याआधी, ऑक्टोबरात, मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला होता, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात रे. इंद्रधनुष्यासारखी. तुला दिसतात का?" मी म्हटलं, "दिल्लीची हवा आहे, दुसरं काय." तेव्हा खरंच दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, धूर इतका होता. तरी मला ती कडी दिसत नव्हती, हे मी त्याला सांगितलं नाही.

खात्री पटली ती माझ्याच एका चुकीमुळे. कवितांच्या पुस्तिका मी झेरॉक्सवाल्याकडून बांधून आणायचो. त्या वर्षी एका लांब कवितेची दोन पानं उलटसुलट बांधली गेली. आधीचं नंतर, नंतरचं आधी. रविवारी जो वाचायला उभा राहिला तो तिथे अडखळला. पानं पुढे-मागे करत, हसत, मला शिव्या देत वाचन चाललं होतं. मधुकर उभा राहिला. त्याने पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि कविता मूळच्या क्रमाने, एकाही क्षणाचा खंड न पडता म्हटली. त्याच्या हातात तेच चुकीचं पान उघडं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्याच्या हातातल्या पानाकडे बघत राहिलो.

मंडळी गेल्यावर मी विचारलं. त्याने पुस्तिका मिटून ठेवली. मग म्हणाला, "उजवा गेलाय. डाव्यात थोडी नजर आहे अजून. काचबिंदू आहे म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो. मला कळलंच नाही यार, कधी सुरू झालं ते." सकाळी अकरा ते एक गॅलरीत ऊन येतं, तेवढ्यात भिंग धरून तो एकेक ओळ पाठ करत होता. धुरामुळे ऊन पडलं नाही की तो दिवस वाया जायचा. "पल्लवीला सांगू नकोस. ती उद्याच येऊन मला बंगलोरला नेऊन ठेवील. ऑपरेशनला नाव लावलंय. मध्येच कुणाचं रद्द झालं तर लवकर बोलावतील. मी अनोळखी नंबर उचलत नाही, म्हणून तिथे तुझा नंबर दिलाय. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय," मी म्हटलं.

मग तो जे म्हणाला ते शब्दशः लिहितो, कारण या लेखाचं कारणच ते आहे. "एक ठरवून टाकू हं, श्रीधर. नंबर लागला की मी जाणार. पैज-बिज नंतर. कविता मला कुणीही वाचून दाखवील. पण पल्लवीचं तोंड मला कुणी वाचून दाखवणार नाही."

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोनवर मी त्याला कविता वाचून दाखवायचो आणि तो पाठ करायचा. तीनदा ऐकलं की पुरे. डिसेंबर संपला तेव्हा शंभरातल्या ब्याऐंशी कविता त्याला येत होत्या. त्याच्या जवळपास येईल असं करोल बागेत कुणी नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. वैद्य वहिनींचा चेहरा कसा होईल, याची कल्पना मात्र रोज करायचो.

पैज रविवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, मी जेवणाच्या टेबलावर कोण कुणानंतर उभं राहील याची यादी करत होतो. फोन वाजला.

"मधुकर जी के घर से बोल रहे हैं?"

"जी, बोलिए."

"परसों की एक जगह खाली हुई है. सुबह सात बजे खाली पेट ले आइए. डॉक्टर साहब ने कहा है, इनका टालना नहीं है."

माझी नजर यादीवर होती. पहिलंच नाव मधुकरचं होतं. परवा म्हणजे गुरुवार. गुरुवारी ऑपरेशन झालं की रविवारी तो येणार नव्हता... हे सगळं डोक्यात यायला किती वेळ लागला असेल? पलीकडची बाई "हॅलो" म्हणेपर्यंत. इतकाच.

मी म्हटलं, "वो तो गाँव गए हैं."

"कब आएँगे?"

"अगले हफ्ते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अंकल, फोन करके बुला लीजिए ना. ऐसी तारीख रोज नहीं मिलती."

"कोशिश करता हूँ," मी म्हटलं. तिने बरं म्हणून फोन ठेवला. तिचा आवाज काळजीचा होता, हे मला अजून आठवतं. तिच्याकडून काही राहिलं नव्हतं. त्या दवाखान्यातल्या कुणाकडूनच काही राहिलं नव्हतं.

संध्याकाळी नेहमीसारखा मी मधुकरला फोन केला. त्याने आधी विचारलं, "आला होता का काही फोन?" मी म्हटलं, "नाही रे." आणि पुढची कविता वाचायला घेतली. बुधवारी त्याने पुन्हा विचारलं. गुरुवारी विचारलं नाही. गुरुवारी सकाळी सातला मी जागा होतो, गॅलरीत उभा होतो. काही दिसत नव्हतं, समोरची इमारतही नाही. चार दिवसांनी काय फरक पडणार आहे, असं स्वतःशी म्हणत होतो. मोठ्याने म्हणत होतो बहुधा, कारण बायकोने आतून विचारलं, "कुणाशी बोलताय?"

आम्ही पैज जिंकलो. मधुकरने एकवीस कविता न बघता म्हटल्या. शेवटच्या दोन तर चिठ्ठी वाचणाऱ्याने पहिला शब्द उच्चारताच सुरू केल्या. वैद्य वहिनी स्वतः उठून त्याच्याकडे आल्या, म्हणाल्या, "खोब्रागडे, हरले बाबा. तुमच्यापुढे हात जोडले." त्यांनी जोडलेले हात त्याला दिसले नाहीत. तो भलतीकडे बघून हसत होता. मी पटकन त्याचा खांदा त्यांच्याकडे वळवला. सगळ्यांना वाटलं, मी त्याला मिठी मारली. टाळ्या पडल्या.

सोमवारी दहा वाजता मी दवाखान्यात फोन केला. "आ गए हैं गाँव से." पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मी मधुकरला म्हटलं, "आत्ताच फोन आला, तारीख मिळाली." तो इतका खूश झाला की संध्याकाळी जलेबी घेऊन माझ्या घरी आला. आमच्या दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं. "दार तुमचं अरुंद झालंय, वहिनी," तो माझ्या बायकोला म्हणाला.

तीन आठवडे पुरे झालेच नाहीत. तेराव्या की चौदाव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"श्रीधर, सकाळ झाली का रे?"

मी घड्याळ बघितलं. "नऊ वाजलेत."

"मग धुकं फार असेल आज."

मी खिडकीकडे बघितलं. कित्येक दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या वाळत घालत होतं, त्यांच्यावरची फुलं इथून मोजता येत होती... मी म्हटलं, "हो, धुकं आहे." मग चप्पल घालून धावत सुटलो.

दाब रात्रीतून वाढला होता. ऑपरेशन झालं, त्याने दुखणं थांबलं. नजर परत आली नाही. मी डॉक्टरांना एकट्यात गाठून विचारलं, दोन-तीन आठवडे आधी झालं असतं तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाईं आँख में जो था, शायद रह जाता. पक्का कोई नहीं कह सकता." त्या 'शायद'वर मी सात वर्षं काढली. काही दिवस त्याचा आधार वाटायचा. काही दिवस तोच गळ्याशी यायचा.

माणसं विचारायला लागली. एवढं डोळ्याचं दुखणं असून खोब्रागडे पैजेला उभे कसे राहिले? कुणीतरी म्हणालं, कवितेवरचं प्रेम, दुसरं काय. मी ते वाक्य उचललं. मंडळाच्या वार्षिक अंकात तो लेख लिहिला. त्याने ऑपरेशनपेक्षा कविता महत्त्वाची मानली, असं लिहिलं. लेख गाजला. पुण्याहून पत्रं आली. मधुकरला मीच वाचून दाखवला, तेव्हा तो फक्त म्हणाला, "असं म्हणालो होतो का मी?" मी म्हटलं, "भावार्थ तोच." तो म्हणाला, "अच्छा."

मग बुधवार सुरू झाले. दर बुधवारी अकरा वाजता मी त्याच्याकडे जायचो, तासभर वाचून दाखवायचो. जगाला ती मैत्री दिसली. मला ती हजेरी होती. दार तोच उघडायचा, भिंतीला हात लावत यायचा, आणि मी काही बोलायच्या आत म्हणायचा, "ये, श्रीधर." पावलांवरून ओळखायचा. तो मला इतका नीट ओळखतो याची मला भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या वर्षी एकदा, मी वाचत असताना त्याने मध्येच हात वर केला. म्हणाला, "एक सांग. ऑपरेशनच्या आधी, त्या जानेवारीत, मी गावी गेलो होतो का रे?"

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. पंखा चालू होता तेवढाच आवाज. मी म्हटलं, "नाही बहुतेक. का?"

"काही नाही. आठवत नव्हतं." तो जरा थांबला. मी बोलावं म्हणून थांबला होता, हे मला तेव्हाही कळलं. मग म्हणाला, "वाच पुढे."

मी वाचलं. त्यानंतर पाच वर्षं मी वाचतच राहिलो. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. पण कधी कधी पान संपलं की तो लगेच काही बोलायचा नाही. चेहरा माझ्याकडे करून बसायचा. डोळे उघडे. मी घाईने पुढचं पान घ्यायचो.

शेवटची भेट तो जाण्याच्या दोन दिवस आधीची. छातीत कफ झाला होता, ऑक्सिजन लावला होता, पल्लवी आली होती. ती औषध आणायला खाली गेली. मी खुर्ची पलंगाशी ओढली. म्हटलं, "मधुकर, तुझ्याशी बोलायचं आहे."

त्याने तोंडावरचा मास्क स्वतःच बाजूला केला. "बोल."

मी म्हटलं, "पंखा बंद करू का? गार वाटत असेल."

त्याने चेहरा माझ्याकडे केला. मग मास्क परत लावला. पल्लवी आली तेव्हा मी पंख्याच्या बटणापाशी उभा होतो.

हा लेख छापायला देण्याआधी पल्लवीला फोनवर वाचून दाखवला. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "बाबांना माहीत होतं, काका. दवाखान्याच्या फाइलवर लिहिलेलं होतं, पेशंट गावी गेला आहे, असं नातेवाइकाने फोनवर सांगितलं. खाली तुमचा नंबर. मीच त्यांना वाचून दाखवलं. मी त्याच दिवशी तुमच्याकडे येणार होते, त्यांनी येऊ दिलं नाही. म्हणाले, श्रीधर सांगेल. त्याला स्वतःहून सांगू दे."

मी हातातली पानं खाली ठेवली.

"दर बुधवारी तुम्ही गेलात की मी बंगलोरहून फोन करायचे. विचारायचे, बोलले का? ते म्हणायचे, आज नाही." मग ती म्हणाली, "छापा. नावं बदलू नका. आणि यापुढे मला फोन करू नका, काका." एवढं झाल्यावरही ती काका म्हणाली.

या सात वर्षांत मी काय बोलायचं ते अनेकदा जुळवलं. आधीच्या जुळवणीत 'पण' फार होते. चारच दिवसांचा प्रश्न होता, पण. डॉक्टरही खात्रीने सांगत नव्हते, पण. तूही जिंकल्यावर खूश होतास, पण. एकेक 'पण' काढत गेलो तसं बोलणं लहान होत गेलं. शेवटच्या भेटीला जाताना रिक्षात ते तीन-चार वाक्यांचं उरलं होतं. ती वाक्यं अशी होती: मधुकर, मंगळवारी दुपारी फोन आला होता. गुरुवारी सकाळी सातला तुला बोलावलं होतं. तू गावी गेला आहेस असं मी सांगितलं, मला जिंकायचं होतं म्हणून. मला क्षमा कर.